नदीच्या फोटोची तिथी

पालघरच्या किनाऱ्यावर मुरबे आणि सातपाटी ही दोन गावं एकाच खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. होडीनं जायला काही मिनिटं, रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा. या खाडीचा फोटो बाहेरच्या माणसाला दाखवला तर त्याला पाणी दिसतं, होड्या दिसतात, मागची तिवरं दिसतात आणि ‘छान आलाय’ म्हणून तो पुढच्या फोटोकडे वळतो. तोच फोटो मुरब्यातल्या एखाद्या जुन्या तांडेलापुढे धरावा. तो आधी नांगरलेल्या होडीचं तोंड कुठं आहे ते बघतो. एका नांगरावर सोडलेली होडी प्रवाहाला तोंड देऊन उभी राहते. वारा फार नसेल तर हा नियम चुकत नाही. तोंड समुद्राकडे असेल तर भरती आत येते आहे, जमिनीकडे असेल तर सुकती लागली आहे. मग तो तिवरांच्या खोडांवरची ओली रेघ शोधतो. रेघ पाण्याला टेकलेली असेल तर पाणी नुकतंच उतरायला लागलंय. हातभर वर असेल तर उतरून बराच वेळ झाला. रेघ खोडावर किती उंच चढली आहे त्यावरून उधाण, म्हणजे मोठी भरती, चालू आहे की भांग, म्हणजे बेताची, हेही तो सांगतो. म्हणजे फोटोत नसलेला चंद्र त्याला फोटोतून दिसतो.

फोटो काढणाऱ्यानं यातलं बहुतेक काही पाहिलेलंच नसतं. त्यानं प्रकाश पाहिला, रंग पाहिले, चौकट जमवली. त्याच्या लेखी ते एक दृश्य आहे. तांडेलाच्या लेखी ती एका ठरावीक वेळेची नोंद आहे. नद्यांचे फोटो काढत देशोदेशी हिंडल्यावर मला पटलं ते तांडेलाचं. डोंगराचा फोटो काढला की डोंगर हाती लागतो. नदीचा फोटो काढला की हाती लागते ती नदीची एक वेळ; आणि ती वेळ कोणती हे कुठं लिहून ठेवलं नसेल तर तीही निसटते.

हल्ली मराठी माणूस भरपूर फिरतो. युरोपच्या सहलीत ऱ्हाइनचा धबधबा असतो, सेनवरची संध्याकाळची बोट असते, थेम्सवरचा पूल असतो. माझ्याही संग्रहात हे सगळं आहे. हे फोटो सलग बघत गेलं की एक गोष्ट लक्षात येते. पूल, घुमट, दिव्यांच्या रांगा झाकल्या तर कोणती नदी कोणती ते माझं मलाच सांगता येत नाही. नदीला स्वतःचा असा चेहरा नसतो, म्हणून कॅमेरा काठाचा चेहरा उचलतो आणि खाली नाव नदीचं लिहिलं जातं. अमेरिकन कलावंत रॉनी हॉर्न यांनी १९९९ साली याच अडचणीला हात घातला. त्यांनी थेम्सच्या फक्त पृष्ठभागाचे पंधरा मोठे फोटो केले. पूल नाही, काठ नाही, आकाशही नाही, नुसतं पाणी. त्या पाण्यावर जागोजागी बारीक आकडे छापले आणि खाली तळटिपा दिल्या. नुसत्या पाण्याच्या फोटोला बोलतं करायला शब्द लागतात, ही कबुली त्या तळटिपांमध्येच आहे.

थेम्स लंडनमध्ये खरी तर खाडीच आहे. लंडन ब्रिजपाशी उधाणाला साडेसहा-सात मीटर पाणी चढतं आणि उतरतं. काठाच्या दगडी भिंतींवर एका उंचीपर्यंत हिरवं शेवाळ असतं, त्याच्या वर कोरडा दगड. सुकतीच्या वेळी भिंतीखाली चिखल, गोटे, जुन्या विटांचे तुकडे उघडे पडतात. मुरबे-सातपाटीकडचा माणूस तिथं उभा राहिला तर त्याला राजवाडे परके वाटतील, पण ती हिरवी रेघ परकी वाटणार नाही. पर्यटकाच्या फोटोत मात्र ती रेघ चुकूनच येते, कारण तो कॅमेरा वर धरतो.

फोटोग्राफीला नदीनं पहिल्यापासून त्रास दिला आहे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या काचेची पद्धत जाहीर केली. काचेवर चिकट कलोडियन ओतायचं, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि तिथल्या तिथे तंबूत धुवायची. १८६६ साली सॅम्युअल बोर्न हे सगळं सामान हमालांच्या पाठीवर लादून गंगोत्रीपलीकडे गोमुखापर्यंत गेले. काचा धुवायला पाणी लागे आणि ते बहुधा समोरच्याच प्रवाहाचं असे. गंगेचा फोटो गंगेच्याच पाण्यात धुतला जाई, पण त्या फोटोत वाहतं पाणी येतच नसे. काचेला प्रकाश पुरेपर्यंत काही क्षण जात, तेवढ्यात पाणी पुढे निघून जाई आणि त्याच्या जागी पांढरं धुकं उमटे.

त्याच काळात, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातल्या पहिल्या हिंदी सभासदांपैकी. त्यांचा ओढा माणसांचे फोटो काढण्याकडे होता आणि त्या काळचं तंत्र पाहता ते साहजिक होतं. स्टुडिओत माणसाला खुर्चीवर बसवून मागून लोखंडी चिमट्यानं मान धरता येई. नदीला धरणार कुठं? फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७च्या सुमारास समुद्राचे फोटो काढले, तेव्हा पाणी आणि आकाश एकाच काचेवर नीट उतरेना. त्यांनी काही चित्रांत एका काचेवरचं पाणी आणि दुसऱ्या काचेवरचं आकाश जोडलं. लोकांनी वाहवा केली. पाण्याच्या फोटोत दोन वेगवेगळ्या वेळा शिवून एक वेळ तयार करण्याची सुरुवात इतकी जुनी आहे.

आज तंत्राची अडचण उरलेली नाही, पण सवय राहिली आहे. हौशी मंडळी भिंगापुढे काळी काच लावून मुद्दाम लांब एक्स्पोजर देतात, मग पाणी रेशमासारखं दिसतं. उलट टोकाला सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात शटर दाबून थेंब हवेत थांबवतात. दोन्ही फोटो देखणे, पण दोन्हींत पाणी कुणीकडे चाललंय ते कळत नाही. ज्या खाडीचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं, तिच्या बाबतीत दिशा गेली म्हणजे अर्धी खाडी गेली.

याहून मोठी फसगत प्रकाशाची आहे. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि रात्री अकरा-बाराच्या आसपास. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, म्हणून हा गुणाकार चालतो. गावागणिक थोडाफार फरक पडतो इतकंच. आता या हिशेबाशेजारी फोटोवाल्यांचा हिशेब ठेवून बघा. त्यांना हवा असतो सोनेरी तास, सूर्योदयानंतरचा नाहीतर सूर्यास्ताआधीचा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात खाडी सर्वांत जास्त भरते ती भर दुपारी किंवा मध्यरात्री, म्हणजे फोटोला सर्वांत वाईट उजेडात. त्याच दिवशी सकाळी-संध्याकाळी, सोनेरी तासाला, ती सर्वांत रिकामी असते. आणि अष्टमीच्या सुमारास सोनेरी उजेडात भरती मिळते खरी, पण ती भांगाची, बेताची भरती. कॅलेंडरवर शोभणारा सोनेरी फोटो आणि काठोकाठ भरलेली खाडी यांची गाठ या किनाऱ्यावर चंद्रानं पडू दिलेली नाही. म्हणून नुसत्या सुंदर उजेडाच्या मागे लागणाऱ्यानं आयुष्यभर फोटो काढले तरी मुरब्याची खाडी पुरती कशी भरते, हे त्याच्या फोटोंत येणार नाही. ते दुपारी बारा वाजता डोक्यावर टॉवेल घेऊन उभं राहणाऱ्याला मिळेल.

सुकतीचा चिखल उघडा पडतो ती वेळही गावाच्या दृष्टीनं रिकामी नसते. चिखलात निवटे उड्या मारत असतात, बिळांच्या तोंडाशी चिंबोऱ्या दिसतात, बायका वाकून शिंपल्या वेचत असतात. फोटोवाला याला ‘पाणी नाही’ म्हणतो आणि परत जातो.

सौंदर्यासाठी काय काय वगळावं लागतं, याचं एक फार महागडं उदाहरण ऱ्हाइनचंच आहे. आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकारांचा ‘ऱ्हाइन २’ हा १९९९ सालचा फोटो. राखाडी आकाश, हिरव्या गवताचे पट्टे आणि मध्ये आडवी सरळ नदी. बाकी काही नाही. ते ‘बाकी काही’ प्रत्यक्षात तिथं होतं. पलीकडच्या काठावरच्या इमारती आणि फिरायला आलेली माणसं गुर्स्कींनी संगणकावर काढून टाकली. ८ नोव्हेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात तो ४३ लाख डॉलरना गेला आणि तोवरचा सर्वांत महाग फोटो ठरला. हे काढून टाकणं गुर्स्कींनी लपवलं नाही; नदीची कल्पनाच दाखवायची होती, ही त्यांची भूमिका प्रामाणिक आहे. आपण मात्र हेच काम न सांगता करतो. चिंचणीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की दक्षिणेला तारापूर अणुवीज केंद्राच्या इमारती दिसतात. १९६९पासून तिथं वीज तयार होते आहे. तरीही सहलीच्या फोटोंत सुरूची झाडं आणि लाटाच असतात, कारण फोटो काढणारा दोन पावलं सरकून केंद्राला चौकटीबाहेर ठेवतो. संगणक लागत नाही, खांदा वळवला की भागतं.

वगळण्याच्या उलट टोकाला दुसरा मोह आहे. कॅनडाचे एडवर्ड बर्टिन्स्की यांनी १९९६ साली सडबरीजवळ निकेलच्या खाणीच्या गाळातून वाहणारा प्रवाह टिपला. काळ्या जमिनीतून शेंदरी-लाल पाणी वाहतंय. लोखंड गंजून आलेला तो रंग इतका देखणा आहे की बघणारा आधी हरखतो आणि मग ओशाळतो. घाणीचा फोटो सुंदर आला की तक्रार बोथट होते, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. मला त्यापेक्षा साधा प्रश्न पडतो: हे पाणी कोणत्या दिवशीचं?

मुरब्याच्या अंगणात हा प्रश्न शोभेचा राहत नाही. पाठीशी बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तिथलं सांडपाणी खाड्यांत आणि किनाऱ्यावर येऊन मासळी आणि माणसं दोघांना बाधतं, ही तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. २०२२ साली लवादानं शंभरावर कारखान्यांना मिळून दीडशे कोटींहून अधिक भरपाई ठोठावली. अशा लढाईत फोटो हा हौसेचा विषय राहत नाही, तो साक्षीदार असतो. आणि साक्षीदाराला पहिला प्रश्न विचारतात तो वेळेचा. भरतीच्या माथ्यावर समुद्राचं स्वच्छ पाणी आत शिरलेलं असतं, तेव्हा काढलेला फोटो खाडी निर्मळ दाखवतो. त्याच जागी सहा तासांनी, सुकतीच्या शेवटाला, वरून उतरलेलं पाणी उरतं आणि फोटो काळा येतो. दोन्ही फोटो खरे आहेत. तारीख, वेळ आणि पाण्याची अवस्था लिहिली नसेल तर ज्याला जो हवा तो फोटो तो पुढे करू शकतो. मेलेल्या माशांचा फोटो कितीही भयंकर असला, तरी ‘हा जुना आहे’, ‘हा इथला नाहीच’ असं म्हणायला समोरच्याला वाव राहतो.

नदीचा फोटो कसा असावा याचा धडा मला सांगलीकरांनी दिला. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. पावसाळ्यात पाणी चढू लागलं की या पुलाजवळच्या पाण्याच्या पातळीवर अख्ख्या शहराचं लक्ष असतं. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. मोबाइलवरून फिरणाऱ्या फोटोंत काय असतं? गढूळ पाणी, पाण्याला भिडलेला एक आकडा आणि खाली सकाळचे अमुक वाजल्याची ओळ. प्रकाश वाईट, चौकट वाकडी. पण त्या फोटोवर माणसं दुकानातला माल माळ्यावर चढवायचा की नाही ते ठरवतात. २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेलं होतं, २०१९ साली ५७ फुटांवर. दोन्ही महापुरांचे फोटो शेजारी ठेवले की पुढच्या वेळी कोणत्या गल्लीत पाणी येईल याचा अंदाज बांधता येतो. गंगेचे, ऱ्हाइनचे, यांगत्सेचे कलादालनांत टांगलेले फोटो मी आदरानं पाहिले आहेत. पण नदीचा खरा फोटो कोणता असं विचारलंत तर मी त्या आकड्याकडे बोट दाखवीन.

एकच जागा धरून पुन्हा पुन्हा फोटो काढायचा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले.   फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२च्या सुमारास, कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून रोज थोडी थोडी फिल्म घेतली. पडद्यावर बघता बघता रोप वर आलं. पुढच्या चित्रपटासाठी भांडवल मिळवायला ही छोटी फिल्म त्यांच्या उपयोगी पडली. मला त्यातली शिस्त मोठी वाटते. कॅमेरा हलला नाही, म्हणून रोपाचं हलणं दिसलं.

नदीच्या बाबतीत हेच काम कोलोरॅडोवर झालं, तेही हेतू नसताना. १८८९-९०मध्ये रॉबर्ट स्टँटन नावाचे इंजिनिअर ग्रँड कॅन्यनमधून नदीकाठानं रेल्वे नेता येईल का, याची पाहणी करत होते. १ जानेवारी १८९० रोजी त्यांचा फोटोग्राफर कड्यावरून पडून जायबंदी झाला. स्टँटनना फोटोग्राफी येत नव्हती. तरी कॅमेरा त्यांनी हाती घेतला आणि नदीच्या वरच्या-खालच्या दिशेनं फोटो काढत ते पुढे गेले. रेल्वे कधीच झाली नाही. पण शतकभरानंतर भूवैज्ञानिक रॉबर्ट वेब आणि त्यांचे सहकारी तेच फोटो घेऊन नेमक्या त्याच दगडांवर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी पुन्हा फोटो काढले. १९६३ साली वर ग्लेन कॅन्यन धरण झालं होतं. त्या दोन फोटोंमध्ये कुठला वाळूचा किनारा गेला, कुठं झाडोरा पाण्यापर्यंत उतरला, कुठला खडक शंभर वर्षं जागचा हलला नाही, हे सगळं मोजता आलं. कला म्हणून स्टँटनचे फोटो साधेच. त्यांची किंमत एवढ्यात आहे की ते कुठून आणि केव्हा काढले ते माहीत होतं.

आपल्याकडे नर्मदेकाठी ही संधी बरीचशी हुकली. सरदार सरोवराच्या पाण्यात नंदुरबारच्या मणिबेलीसारखी गावं गेली आणि २०१९ साली जलाशय १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. आंदोलनाचे फोटो, चित्रफिती पुष्कळ आहेत आणि त्यांचं मोल मोठं आहे. पण आंदोलनात कॅमेरा माणसांवर असतो, तो तिथंच असायला हवा. या गावांपाशी नदी माघात किती अरुंद होई आणि भाद्रपदात कुठवर येई, हे सांगणारे ओळीनं काढलेले फोटो फार थोडे.

अशी संधी हुकण्याची वेळ आता मुरब्याच्या खाडीवरही आलेली आहे. उत्तरेला वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मुरब्यालाही बंदर उभारण्याचा प्रस्ताव पुढे सरकतो आहे आणि मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. बंदर होवो न होवो. पुढे जो कोणी ‘इथं आधी काय होतं’ असं विचारेल, त्याला उत्तर लागेल. ते उत्तर डोल जाळं लावणाऱ्याच्या, वलांडीवर बोंबील सुकत टाकणारीच्या आठवणीत आहे, पण चौकशीच्या टेबलावर आठवणीचं वजन कमी पडतं. गावातल्या पोरांच्या खिशात आज जे फोन आहेत, त्यांच्या भिंगापुढे बोर्न आणि स्टँटन यांचा कॅमेरा काहीच नव्हे. पोरं फोटो काढतातच. फक्त जेट्टीवरची एक जागा ठरवावी, पलीकडच्या काठावरची एक न हलणारी खूण चौकटीत धरावी, एक नांगरलेली होडी आत येऊ द्यावी आणि प्रत्येक अमावास्या, पौर्णिमा, अष्टमीला भरतीच्या माथ्यावर एक आणि सुकतीच्या तळाला एक असे फोटो घ्यावेत. खाली तारीख, तिथी, वाजलेली वेळ, वाऱ्याची दिशा, पाण्याचा रंग आणि वास लिहावा. वास कॅमेऱ्यात येत नाही, म्हणून तो लिहायलाच हवा.

मग जगभर हिंडून नद्यांचे फोटो काढण्यात अर्थ नाही का? आहे. थेम्सच्या भिंतीवरची हिरवी रेघ पाहिल्यावर मला तिवरांवरची रेघ मोजण्याजोगी वाटली. गुर्स्कींनी काय काढून टाकलं ते कळल्यावर मी स्वतः काय काढून टाकतो ते कळलं. प्रवास डोळा तयार करतो. पण तयार डोळ्याचं काम प्रवासात होत नाही, कारण पाहुणा एका भरतीपुरता येतो आणि नदी कळायला सुकती, उधाण, भांग, पूर, उन्हाळा असं सगळं पालटून परत त्याच तिथीवर यावं लागतं. तेवढा वेळ फक्त गावकऱ्याकडे असतो. म्हणून मुरब्याच्या खाडीचा सर्वांत मोलाचा फोटो कोणा पाहुण्या कलावंताच्या हातून निघणार नाही. तो इथल्याच कुणाच्या तरी फोनमध्ये, तिथी लिहिलेला, दुपारी बाराच्या रखरखीत उजेडात काढलेला असेल.